पॅकिंग

वाफेच्या इंजिनावर सगळ्यांचा जीव.
त्याचे फोटो, त्याला नाव, दसऱ्याला त्याला हार.
डिझेलला कोण विचारतं?
डिझेलला फडकं.

प्रतापनगरच्या शेडमागं बाभळीत उभं होतं ते,
अडीच फुटी रुळांवरचं,
नंबरातला शेवटचा आकडा गंजानं खाल्लेला.
बॅटरीच्या पेटीत कुत्री व्यालेली.
पिल्लं चालती होईतो आम्ही थांबलो,
रिपोर्टात लिहिलं, बॅटऱ्यांची वाट पाहतोय.

धृति व्होरा म्हणाली, काका, नुसता रंग मारायचाय.
बागेत ठेवणार. लाल, त्यावर पिवळा पट्टा.
ती सत्तावीसची, मला रिटायर होऊन सहावं वर्ष.
म्हटलं, ताई, मेलेल्याला घालतात ती आंघोळ वेगळी
आणि कामावर निघालेल्याची वेगळी.
हसली नाही. दुसऱ्या दिवशी
पदरच्या पैशानं गंजतेलाचे चार डबे घेऊन आली.

सहा पिस्टन. चार रात्रभर भिजून सुटले,
पाचवा शिव्या खाऊन,
सहाव्याला तीन आठवडे.
लांब पाइप घालून क्रँक फिरवायचा दोघांनी.
पहिल्या दिवशी नखाएवढा सरकला,
तिनं तिथं खडूनं रेघ मारली, तारीख घातली,
दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मांडतात तशी.

मग पाण्याचा पंप उघडला,
आणि मी तसाच पाना धरून स्टुलावर बसून राहिलो.

तीस वर्षं झाली असतील.
दुसऱ्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा, चांदोदची गाडी पहाटे पाचला.
पंपाची पॅकिंग फाटलेली, स्टोअरला कुलूप,
स्टोअरवाला छाणीला सासरी.
डब्याच्या पिशवीत माझ्या लग्नाच्या पत्रिका होत्या,
वाटायच्या राहिलेल्या. जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना हळद.
एक काढली, फ्लँजवर ठेवली,
गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक,
बोल्टांची सहा भोकं, मधला मोठा गोल.
ग्रीस लावून बसवली.
आजची वेळ निभेल, म्हटलं. उद्या बदलू.

उद्या बदलू.

सकाळी हातात रिकामं पाकीट उरलं.
त्यावर माझ्याच अक्षरात:
श्री. द. गो. घोरपडे, फोरमन, सहकुटुंब सहपरिवार.
पत्रिका मोजून छापलेल्या.
तोंडी आवतनाला जाणारा तो माणूस नव्हे,
आणि खरं सांगावं तर चार्जशीट.

ते आले नाहीत.
पुढं अकरा वर्षं कामापुरतं बोलले:
पाना दे. दिवा धर.
रिटायर झाले, मांजलपूरला राहायला गेले, तिकडंच वारले.
आणि तो पंप कुणी कधी उघडलाच नाही.
केळणपूर, भिलूपूर, थुवावी,
त्यांचं आमंत्रण त्यांच्याच इंजिनात हिंडत राहिलं,
उकळतं पाणी अडवून.

आता काळी पडलेली, चामड्यासारखी.
धृति मोबाइलचा दिवा धरून अक्षरं लावत होती:
श्रीकृ, मग भोक, मग करून.
हे काय आहे, काका?
जुनी पॅकिंग, म्हटलं. ब्लेड दे.

खरवडून काढली. एकदा उचलली की पॅकिंग गेली,
पुन्हा बसत नाही, पहिल्या महिन्यात शिकवतात.
मला घोरपड्यांनीच शिकवलेलं.
नव्या शीटवर मी टकटक केलं, हात हलतो आता,
एक भोक वाकडं पडलं.
दुसरी तिनं कापली. माझ्यापेक्षा बरी.

शनिवारी दुपारी बॅटऱ्या जोडल्या.
पहिल्यांदा नुसतं खाकरलं.
मग पांढरा धूर, पत्र्यावरची कबुतरं उठली.
तिसऱ्यांदा धरलं,
आधी पाचांवर लंगडत, मग सहाही.
पोरं मोबाइल घेऊन पुढं धावली.
मी पंपापाशी वाकलो,
घोरपडे करायचे तसा
जोडाखालून अंगठा फिरवला, उजेडात धरला.
बोलायचे काही नाहीत ते. कोरडा निघाला
तरी सदऱ्याला पुसायचे, उगाच.

मी पुसला.